कुंदावहिनींना हरकत होती

रस्त्याच्या कडेने एखादी बाई एकटी, भरभर, मान वर करून चालताना दिसली की माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून उठतो. मग मला कुंदावहिनी आठवतात आणि तो पाय मी होता तिथे परत ठेवतो. आमची ही शेजारी बसलेली असते. "अहो, केवढं ऊन आहे, विचारा तरी तिला कुठे सोडायचंय का," ती म्हणते. मी विचारत नाही. एकदा विचारलं होतं.

ते शारजात. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. बऱ्याच वेळा नापास होऊन मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, जुनी जपानी गाडी घेतली होती, आणि दिसेल त्याला लिफ्ट द्यायची हौस होती. जून महिन्यातली दुपार. पुढे एक बाई चाललेली. डोक्यावर काळी, लाकडी मुठीची, पुरुषी छत्री. दुसऱ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या. आमच्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, माझ्या ऑफिसातल्या वसंत मोहितेची बायको, हे मी पाठीवरून ओळखलं. गाडी हळू केली, तिच्या बरोबरीने नेली, काच अर्धी खाली केली आणि एक छोटासा हॉर्न दिला.

छत्री मिटली गेली ते मला दिसलंच नाही. ती बॉनेटवर आदळली तेव्हाच कळलं.

"शरम नहीं आती? घर में माँ-बहन नहीं है?"

"वहिनी, वहिनी! मी सावंत! मोहित्यांच्या ऑफिसातला!"

त्यांनी वाकून आत बघितलं. दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती, हसली असती, निदान सॉरी म्हणाली असती. कुंदावहिनी म्हणाल्या, "मग हॉर्न कशाला वाजवलात? तोंड नाही तुम्हाला?" आणि छत्री उघडून चालायला लागल्या. लिफ्टचं राहूनच गेलं. बॉनेटला पोचा पडला होता, तो मी गाडी विकेपर्यंत तसाच ठेवला.

त्यांचा राग समजायला मला फार वेळ लागला, आणि तो वेळ मी विनाकारण लावला, असं आता वाटतं. त्या देशात तेव्हा चालायचं कोण? ज्याच्याकडे गाडी नाही तो. पुरुष कडेने चालला की टॅक्सीवाला हॉर्न देऊन विचारायचा, येतोस का? बाई चालली की टॅक्सीवाल्यांखेरीज इतरही गाड्या हळू व्हायच्या. ते काय विचारत असत ते वेगळं सांगायला नको. वहिनी रोज चालायच्या. भाजीला, पोस्टात, मुलाच्या शाळेत, रोलाच्या बाजारात. आल्या की जिन्यातच मोठ्याने सुरू व्हायच्या. "आज एकाने काच खाली केली आणि म्हणतो, यल्ला हबीबी, चल म्हणे! मी म्हटलं, उतर खाली, तुला यल्ला दाखवते." इमारतीतल्या बायका दारं किलकिली करून ऐकायच्या आणि हसायच्या. आम्ही पुरुषही हसायचो. 'मोहित्यांचा तोफखाना' असं नाव ठेवलं होतं. ते मी ठेवलं होतं, हेही लिहून टाकतो.

लग्नानंतर काही वर्षं त्या ठाण्याला एका शाळेत भूगोल शिकवत होत्या. वसंताला इकडे नोकरी लागली आणि ती शाळा सुटली. शिकवणं मात्र सुटलं नव्हतं. आम्ही सगळे तिथे पत्ते सांगायचो ते गोल चौकावरून, पेट्रोल पंपावरून, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या पाटीवरून. वहिनी दिशांवर सांगायच्या. "लगूनच्या नैऋत्येला, पाण्याकडे पाठ करून उभे राहा म्हणजे डाव्या हाताची इमारत." हवेत धूळ आली की म्हणायच्या, "वायव्येकडून आलाय, दोन दिवस राहील." त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या दारावर, आखाताचा नकाशा चिकटवलेला होता. पाहुणे त्याच्यावर हसायचे. त्या पाहुण्यांना चहा द्यायच्या, पण बिस्किटं काढायच्या नाहीत.

आणि वसंता! वसंत मोहितेइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही दोघे एकाच गाडीने दुबईतल्या अल क्वोजला जायचो. तो कारखान्यात एसीच्या डक्टची ड्रॉइंग करायचा, मी अ‍ॅडमिन सांभाळायचो. शारजाहून निघायचं आणि त्या रोजच्या ट्रॅफिक जॅममध्ये बसून राहायचं. मी बायकोशी जितका बोललो नसेन तितका त्याच्याशी बोललो. तो कधी कुणावर ओरडला नाही, कधी कुणाला नाही म्हणाला नाही. तो 'बघू' म्हणायचा. थंडी येऊ दे, बघू. शाळा सुरू होऊ दे, बघू.

वहिनींना लायसन्स काढायचं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला लायसन्ससाठी नवऱ्याचं ना हरकत पत्र लागायचं. ती पत्रं तयार करण्यात माझी नोकरीतली सगळी वर्षं गेली. कामगाराला बँकेत खातं उघडायचंय, एनओसी. सुट्टीवर जायचंय, एनओसी. वसंताला बायकोसाठी हवं असलेलं पत्र मीच मसुदा करून, टाइप करून दिलं होतं. फक्त सही करायची होती. ते त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अरे, तिचा स्वभाव बघतोस ना? ही गाडी चालवणार म्हणजे रस्त्यावर रोज भांडणं. बघू." मी हसलो. त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

आणि मग ती चार दिवसांची चाल आली.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष करंदीकर एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. कामाला वाघ आणि फोटोला सिंह. त्यांच्या डोक्यातून निघालं की अपंग मुलांच्या एका शाळेला बस घेऊन द्यायची, आणि त्यासाठी मंडळाच्या लोकांनी चार दिवस चालायचं. रास अल खैमापासून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने उम्म अल कुवैन, अजमान, शारजा करत दुबईत खाडीजवळच्या बागेत पोचायचं. लोक चालणाऱ्यांच्या नावाने देणग्या देतील. मी चिटणीस होतो. आम्ही सात पुरुषांनी नावं दिली. सगळे ढेरपोटे, सगळे गाडीतून लिफ्टमध्ये आणि लिफ्टमधून खुर्चीत जाणारे.

सराव दर शुक्रवारी सकाळी लगूनच्या कडेने ठरला. पहिल्या शुक्रवारी आम्ही बायकामुलांसकट जमलो. थर्मास आले, पोहे आले, घडीच्या खुर्च्या आल्या. करंदीकरांनी वॉर्म-अप म्हणून हात वरखाली केले. एक चक्कर मारून आम्ही पोह्यांकडे वळलो तेव्हा काळी छत्री आमच्या शेजारून गेली. आमचा दुसरा चहा होईस्तोवर ती पुन्हा आली आणि थांबली.

"हा चालायचा सराव आहे की डोहाळजेवण?"

करंदीकर हसले. "मग तुम्हीच शिकवा ना वहिनी आम्हाला!"

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. कुंदावहिनींना गंमत कळत नव्हती असं नाही, पण पुरुषांनी गमतीत दिलेली गोष्ट त्या खरी धरून घ्यायच्या आणि परत द्यायच्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी, उजाडायच्या वेळी, त्या लगूनपाशी पाय रोवून उभ्या होत्या. "खुर्च्या गाडीत. डबे गाडीत. बायकांना घरी झोपू दे बिचाऱ्यांना. चला."

तीन महिने त्यांनी आम्हाला अक्षरशः हाकललं. कुणाच्या पायाला फोड आला तर तो कसा आला हे आधी ऐकवायच्या, मग औषध. "नवे बूट दाखवायला आणलेत ना? घरात घालून हिंडा आठवडाभर, मग रस्त्यावर आणा." पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. बोलत चालायचं नाही. "बोलायला दम उरतोय म्हणजे तुम्ही चालतच नाही आहात."

त्यांचा एक नियम मात्र आम्हाला जाचायचा. आमच्या मागे इक्बाल दळवीचा पिकअप असायचा. इक्बाल रत्नागिरीचा, माल वाहतुकीचा धंदा होता त्याचा, आणि मंडळाच्या प्रत्येक कामाला आपण होऊन गाडी घेऊन हजर व्हायचा. एका शुक्रवारी करंदीकर हळूच मागे राहिले आणि पिकअपमध्ये बसून पुढे आले. आम्ही थांबलो होतो तिथे वहिनींनी गाडीच्या खिडकीतून त्यांना बघितलं.

"इक्बालभाई, साहेब कुठे बसले?"

इक्बाल गालात हसला. "त्या मशिदीजवल बसले, वहिनी. मी काय करू, साहेब मोठा माणूस."

"वळवा गाडी. साहेबांना तिथेच नेऊन सोडा. जिथे थांबलो तिथूनच सुरू करायचं."

"अहो वहिनी, आज थोडं गुडघ्याचं..." करंदीकर म्हणाले.

"मग बसायचं नव्हतं. घरी जायचं होतं. घरी जाणाऱ्याला मी काही म्हणत नाही."

आणि करंदीकर, ज्यांच्यापुढे बँकेत माणसं उभी राहायची, ते मशिदीपासून चालत आले. चेहरा लालबुंद. त्या रागाचं पुढे काय झालं हे मला पक्कं ठाऊक आहे, जरी कुणी कधी बोललं नाही.

टी-शर्टवरून आणखी एक प्रसंग झाला. भगवे टी-शर्ट आणि तशाच टोप्या शिवून घ्यायच्या असं मीटिंगमध्ये निघालं. करंदीकर म्हणाले, "हायवेने जायचंय. टी-शर्ट नसेल तर लोकांना वाटेल साइटवरून सुटलेले लेबर चाललेत." सगळे हसले. वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"वाटू दे की. चार दिवस वाटलं तर काय झिजेल तुमचं? मला रोज चालताना बघून लोकांना काय वाटतं ते सांगू का इथे, पोरांच्या समोर?"

वसंता खाली चटईकडे बघत होता. टी-शर्ट मंजूर झाले.

एकदाच त्यांनी मला राग बाजूला ठेवून काही सांगितलं. उम्म अल कुवैनच्या बाजूला किनाऱ्याने लांबचा सराव होता. बाकीचे मागे रेंगाळले होते. ओहोटी होती, ओल्या वाळूवर पाय घट्ट पडत होते. त्या अचानक म्हणाल्या, "भावजी, हा किनारा मी वर्गात फळ्यावर काढायचे. डोळे मिटून काढता यायचा. इथे आल्यावर वाटलं, आता बघेन. बघितला तो कुणाच्या ना कुणाच्या गाडीच्या मागच्या सीटवरून, कुणाला घाई असताना. एकदा तो पायांनी पुरा करायचाय. मधे कुठे गाळलेली जागा नको." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची बस होईल हो. बस होणारच. मला माझं चालणं हवंय." मी मान हलवली. एवढं सगळं कळून मी पुढे काय केलं ते आता सांगतो.

आधी कमिटीने, म्हणजे करंदीकरांनी, ठरवलं की बायका आणि मुलं फक्त शेवटच्या टप्प्यात, बागेच्या अलीकडून चालतील. वहिनी भांडल्या. तीन महिने ज्यांनी आम्हाला चालायला शिकवलं त्यांनाच वगळायचं कसं, म्हणून करंदीकरांना नमतं घ्यावं लागलं. यादीत आठवं नाव लागलं. मग मी चिटणीस म्हणून सहभागाचे नियम लिहिले. पोलिसांची परवानगी आलेली होती, शाळेचं पत्र आलेलं होतं, काहीही उरलं नव्हतं. तरी मी शेवटी एक ओळ घातली. प्रत्येकाने आपल्या स्पॉन्सरचं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर इथे आहोत त्याचं, ना हरकत पत्र आणावं.

पुरुषांचा स्पॉन्सर कंपनी. ती पत्रं एका दिवसात आली. वहिनींचा स्पॉन्सर नवरा.

हे मी मुद्दाम केलं का? करंदीकरांच्या सांगण्यावरून केलं का? नाही. शपथेवर नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. मला फक्त सवय होती. इतकी वर्षं कागद मागून आणि कागद देऊन माझ्या डोक्यात असं बसलं होतं की परवानगीशिवाय माणूस पाऊल उचलत नाही. ज्याची कुणीच मागणी केली नव्हती तो कागद मी आपण होऊन मागितला, आणि नीटनेटकं काम केल्याचं मला समाधानही वाटलं.

वसंता गाडीत म्हणाला, "बघू रे. चार दिवस हायवेवर, ट्रक, ते लोक... ऑफिसात कुणी बघितलं तर? थोडं थांबून बघू." पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे बघत बसलो. मला तेव्हा म्हणता आलं असतं, वसंता, सही कर. मी रेडिओ लावला.

पत्रांची मुदत संपली त्या संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. छत्री हातात होती, घरातून घरात येतानासुद्धा.

"हा कागद कुणी मागितला?"

"नियम आहे, वहिनी."

"कुणाचा?"

"आपला. मंडळाचा."

"पोलिसांनी मागितला?"

"नाही."

"शाळेने?"

"नाही, पण उद्या काही झालं तर, म्हणून आपलं सेफ साइड..."

"कुणाची साइड, भावजी? माझी तर दिसत नाही."

मी म्हणालो, मी मोहित्यांशी बोलतो, समजावतो. तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "नका बोलू. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. मी भांडते, जिंकते, हरते. हा माणूस नाही म्हणतच नाही. इतकी वर्षं मी भिंत शोधतेय डोकं आपटायला, आणि आहे नुसती उशी. पण तुम्ही तर कागदाची माणसं. तुम्हाला एक ओळ खोडता येत नाही?"

माझी मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. "बाबा, व्हाय इज शी ऑलवेज शाउटिंग?"

वहिनींनी तिच्याकडे बघितलं आणि शाळेतल्या बाईंच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बिकॉज युवर फादर इज अ व्हेरी केअरफुल मॅन."

त्या गेल्या. ओळ मला खोडता आली असती. पेन माझ्या खिशातच होतं. मी विचार केला, एकीसाठी नियम बदलला तर उरलेले काय म्हणतील. उरलेले काहीच म्हणाले नसते.

रास अल खैमाला सकाळी फीत कापली गेली, फोटो झाले, भगवे टी-शर्ट घालून आम्ही सात जण निघालो. पिकअपमध्ये इक्बाल. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आणि त्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सुरू झाल्या. इक्बालने खिडकीतून डोकं काढलं.

"सावंतभाई, ती बगा, आमची वहिनी पुढं चाललीय!"

खूप पुढे, कडेच्या वाळूतून, काळी छत्री चालली होती. टी-शर्ट नाही, टोपी नाही, पाठीला मुलाच्या शाळेची बॅग.

करंदीकर गरम झाले. "सावंत, जाऊन सांग तिला. मंडळाची परमिशन सातच जणांना आहे. काही झालं तर मंडळ रिस्पॉन्सिबल नाही."

मी धावत गेलो. तिथपर्यंत पोचेस्तोवर मला धाप लागली. "वहिनी, कमिटीचं म्हणणं आहे की..."

"रस्ता कमिटीचा आहे?" त्या थांबल्या नाहीत.

"नाही."

"बोलू नका. दम जातो."

मी मागे आलो आणि सांगितलं की त्या ऐकत नाहीत. आम्हाला बघून ट्रकवाले हात हलवत होते, गाड्यांमधून लोक अंगठे दाखवत होते. टी-शर्टची जादू. त्याच गाड्या पुढे जाऊन वहिनींशेजारी हळू व्हायच्या आणि हॉर्न द्यायच्या. छत्री वर जायची, खाली यायची. आम्ही सात पुरुष मागून बघत होतो, आणि आमच्यातला एकही पुढे जाऊन त्यांच्या बरोबरीने चालला नाही. परमिशन होती ना आमच्याकडे, ती वाया गेली असती.

संध्याकाळी आमच्यासाठी समुद्राकाठी खोल्या घेतलेल्या होत्या. वहिनींनी जिथे थांबल्या तिथल्या दिव्याच्या खांबाला ओढणीची चिंधी बांधली आणि शेअर टॅक्सी पकडून शारजाला घरी गेल्या. इक्बालने बघितलं ते. म्हणाला, "मी सोडतो म्हटलं, तर बोलल्या, तुमी ह्यांना सांभाला, ह्यांना गरज हाय." दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या त्याच खांबापाशी उभ्या होत्या. घरी जाऊन स्वयंपाक केला होता, मुलाचा डबा भरून आल्या होत्या. चिंधी सोडली, बॅगेत टाकली आणि निघाल्या.

त्या दुसऱ्या दुपारी माझ्या टाचा सोलल्या गेल्या. मी पिकअपमध्ये बसलो. करंदीकर आधीच बसले होते. पुढच्या चौकात आम्ही उतरलो आणि चालू लागलो. परत मागे जायला कुणी सांगितलं नाही, सांगणारी पुढे चालली होती. चारही दिवस पूर्ण चालल्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. हिने ते फ्रेम करून घेतलंय.

तिसऱ्या दिवशी आम्ही शारजात शिरलो. वहिनींची इमारत डावीकडे राहिली, त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिथून थोडं पुढे वसंताची गाडी त्यांच्या बरोबरीने हळूहळू चालताना दिसली. हातात कागद, हात खिडकीबाहेर. आम्ही जवळ आलो तेव्हा शब्द ऐकू आले.

"कुंदा, केली सही. हे बघ ना. आता तरी ग्रुपबरोबर चाल. तो टी-शर्ट घाल."

वहिनींनी छत्री उचलली. पण त्यांनी ती फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तीन दिवस त्याच्याशिवाय चालले ना? उरलेलंही चालेन. गाडी पुढे घ्या, मागचे हॉर्न मारतायत."

वसंताने गाडी कडेला घेतली. आम्ही त्याच्या शेजारून गेलो. तो स्टिअरिंगवर तो कागद पसरून बसला होता. मला त्याचा इतका संताप आला की त्याच्याकडे बघवेना, आणि तेवढ्यात लक्षात आलं की त्याने निदान सही केली होती. माझी ओळ मी अजून खोडली नव्हती.

त्या उन्हाळ्याच्या आधीच वहिनी मुलाला घेऊन ठाण्याला परत गेल्या आणि पुन्हा शाळेत लागल्या. वसंता मागे एकटा राहिला. मधल्या काळात जिन्यात त्या मला दिसल्या असतील, आम्ही काही बोललोही असू, पण मला त्यातलं काही आठवत नाही. शेवटचं म्हणून आठवतं ते चौथ्या दिवशीचं.

बागेत मंडप होता, बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. आम्हाला ओवाळलं, गळ्यात पदकं घातली, व्यासपीठावर बसवलं. करंदीकर बोलायला उभे राहिले. कुंपणाच्या जाळीतून मला बाहेरचा रस्ता दिसत होता. त्या आमच्या आधी पोचून आत येऊन बसल्या असतील असं मला वाटलं होतं. पण नाही. काळी छत्री, किनाऱ्याचं वळण न् वळण चालत, तेव्हा कुठे बागेच्या दारापाशी आली. दारावर फुगे होते, समारोपाचा फलक होता. ती थांबली नाही. जाळीच्या कडेकडेने, पाण्याच्या दिशेने, तशीच पुढे निघाली. आमची चाल त्या दारात संपत होती. किनारा संपत नव्हता.

एक पांढरी गाडी तिच्या मागून आली, तिच्याशेजारी हळू झाली. छत्री मिटली, वर गेली आणि बॉनेटवर उतरली. लाउडस्पीकर चालू होता, तो आवाज मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला तो चांगला ओळखीचा होता.

मी टाळ्या वाजवायला लागलो. मोठ्याने, एकटाच. करंदीकर बोलता बोलता थांबले, माझ्याकडे वळले आणि खूश होऊन त्यांनी मान लववली.